सहा मीटरपलीकडचं अनंत

झुलालभाऊंनी गाडी थांबवली ती थेट पाण्याच्या कडेला. पुढची चाकं आणि तापी यांच्यामध्ये हातभर चिखल तेवढा उरला होता.

"पुढे पानी शे, ताई," ते म्हणाले.

मागच्या सीटवर मृणाली चष्म्यांच्या फ्रेमचा खोका मांडीवर सांभाळत बसली होती. तिने काचेतून पाहिलं. पाणी होतं, यात वाद नव्हता. धरणाचं पाणी फुगून मागे चढलं होतं आणि फरशी, म्हणजे पलीकडच्या गावांना नेणारा बुटका पूल, पार बुडाला होता.

"मोबाईल काय म्हणतोय?"

"मोबाईल म्हनस सरळ जा. त्याले पोहता येत व्हई. माले नही येत."

ही गाडी म्हणजे एका ट्रस्टचा फिरता दवाखाना. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनला पाठवायचं. मृणाली धुळ्याची, डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली, वर्षभरासाठी या गाडीवर आलेली. आणि आज कुठल्या गावाला जायचं ते ठरवायचा मोबाईल. त्यातला प्रोग्रॅम जळगावच्या एका छोट्या कंपनीने लिहून दिला होता. तो रोज सगळ्यात जवळचं गाव शोधायचा, आणि त्या गावाला 'आम्ही येतोय' असा निरोपही आपला आपण धाडायचा.

आज त्याने शोधलं होतं आंबोरदे. अंतर : उणे दोनशे चौदा कोटी किलोमीटर आणि वर चिल्लर.

"उणे म्हणजे आपण निघायच्या आधीच पोहोचलोय, भाऊ," मृणाली म्हणाली.

पलीकडच्या काठावर मात्र माणसं खरी होती. निरोप मिळाल्यावर आंबोरद्याची म्हातारी मंडळी छत्र्या घेऊन येऊन उभी राहिली होती. कुणीतरी तिकडून हात हलवला, आणि मृणालीला काहीच न सुचून तिनेही हात हलवला.

मग तिने मोबाईलवरच्या 'अडचण आल्यास' या नंबरावर फोन लावला.

"हॅलो, प्रशील बोलतोय."

"मी नदीच्या काठावरून बोलतेय. आमचे ड्रायव्हर शहाणे आहेत म्हणून. नाहीतर नदीतून बोलले असते."

"कोणती नदी?"

"तुमच्या नकाशात किती आहेत?"

तासाभरात तो मोटारसायकलवरून हजर झाला. मृणालीने मनात एक जाड, घामाघूम साहेब रंगवून ठेवला होता, आणि त्याला काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आला तो एक किडकिडीत तरुण. रेनकोटची बटणं एक घर चुकवून लावलेली, लॅपटॉप साडीच्या दुकानाच्या पिशवीत. त्याने मोबाईल पाहिला, नदी पाहिली, मग ओझरतं तिच्याकडे पाहिलं.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला.

आता आली का पंचाईत. नेटवर्कवर, सरकारवर, निदान झुलालभाऊंवर तरी ढकलेल, अशी तिची खात्री होती. सरळ कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"चूक नंतर बघू," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत. पलीकडून नाव आलीय. हा खोका धरा, बसा."

"मी?"

"मग काय, भाऊंना पोहता येत नाही."

"मलाही... येत नाही."

"मग घट्ट धरा. खोका," ती म्हणाली आणि नावेत चढली.

निंबा नावाड्याने त्यांना पलीकडे नेलं. प्रशील अख्ख्या वाटेत डोळे मिटून बसला होता. मृणालीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आंबोरद्याच्या बुद्ध विहाराच्या सभागृहात तपासणी मांडली. मृणालीने भिंतीवर तक्ता लावला, टेपने अंतर मोजलं आणि जमिनीवर एक पांढरी चिकटपट्टी लावली.

"बरोबर सहा मीटर?" प्रशीलने विचारलं.

"सहा मीटरच्या पलीकडचं सगळं डोळ्याच्या हिशेबी अनंतावर. मग ते समोरचं झाड असो की चंद्र. तिकडे बघायला डोळ्याला काही कष्टच पडत नाहीत, आराम असतो. कष्ट पडतात ते जवळचं बघायला."

तो त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. "सहा मीटर," तो स्वतःशीच म्हणाला. "माझं दोनशे चौदा कोटींवर होतं. तरी कमी पडलं."

तिला कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता. पहिल्या आल्या द्रौपदाबाई. वाचता न येणाऱ्यांसाठी जो तक्ता असतो, त्यावर फणीसारख्या आकृत्या असतात. दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. द्रौपदाबाई प्रत्येक फणीला ठाम हात दाखवत होत्या आणि प्रत्येक हात चुकत होता.

"माले बठ्ठं दिखस व माय," त्या म्हणाल्या. "फक्त धुक्कं लई पडी ऱ्हायनं आठे."

"धुकं नाही आजी, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

द्रौपदाबाईंनी ते कानाआड केलं. तक्त्याशेजारी छडी घेऊन उभ्या असलेल्या आकाराकडे त्यांनी बोट केलं. "हाऊ कोन शे? तुना नवरा?"

"नही व माय. मोबाईलवाला शे," दारातून निंबा म्हणाला.

"बरा शे."

"तुम्हाला दिसत नाहीये, आजी," मृणाली म्हणाली.

छडी धरलेल्या माणसाचे कान लाल झाले. ते मात्र मृणालीला सहा मीटरवरूनही स्वच्छ दिसलं.

परत येताना नावेत त्याने डोळे उघडे ठेवले, कारण तिने काय चुकलं ते आता सांगा म्हटलं होतं.

"प्रोग्रॅमला सुरुवातीला एकही रस्ता माहीत नसतो, मॅडम. म्हणून गाडी उभी आहे ते गाव सोडून बाकी सगळ्यांचं अंतर अनंत धरायचं. मग एकेक रस्ता सापडत जातो, तसतसं अनंत पुसायचं आणि खरा आकडा लिहायचा."

"फरशी बुडालीय. मग आंबोरद्याचं अनंतच राहायला हवं होतं."

"हवं होतं. पण मी ज्या भाषेत लिहितो, तिच्या पूर्णांकांत अनंत नावाचं काही नसतं. त्यांना वर छत असतं. म्हणून मी त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा घेतला आणि त्यालाच अनंत म्हटलं. म्हटलं, जळगाव-धुळ्यात याहून लांब कोण जातंय."

"मग?"

"पलीकडचं काकणखेडे अनंतावर. तिथून आंबोरदे पाच किलोमीटर. प्रोग्रॅमने बेरीज केली, अनंत अधिक पाच. खऱ्या अनंताला पाचाने काही झालं नसतं. पण माझं खोटं होतं, छताला टेकलेलं. जुन्या गाडीचं मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतं ना... हे त्याच्याही खाली जातं. थेट उण्यात."

मृणालीने जरा विचार केला. "म्हणजे ज्या गावाला रस्ताच नाही, तेच सगळ्यात जवळचं निघालं."

"...हो."

तिला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि चांगलं खळखळून. प्रशील पाण्याकडे बघत बसला. पण रेनकोटची चुकलेली बटणं त्याने तेव्हा काढून नीट लावली, एवढं तिच्या लक्षात आलं.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. नरडाण्याचा रस्ता बरोबर दाखवतोय ना? भुसावळला गाडी वळसा तर घेत नाही ना? रस्ते बरोबर होते आणि ते त्यालाही माहीत होतं. मृणाली तरी कुठे कमी, ती प्रत्येक रस्त्याचं सविस्तर वर्णन करून सांगायची. खड्डे, वळणं, वाटेतली केळीची बाग, बागेत उभी असलेली म्हैस. म्हशीचा प्रोग्रॅमला काय उपयोग, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

बोदवडच्या शिबिराला तो 'प्रत्यक्ष बघायला' म्हणून आला. दुपारी स्टेशनसमोरच्या टपरीवर दोघं चहाला थांबले.

"दुरुस्त केलंत?"

"केलं. आता खरं अनंत वापरलंय. दशांशांच्या प्रकारात ते तयार मिळतं. पाच मिळवा, पाच लाख मिळवा, हलत नाही."

"आणि मोठेच आकडे हवे असतील तर?"

"त्याचा वेगळा प्रकार असतो. छत नसलेले पूर्णांक. संगणकाची जागा पुरेल तोवर वाढतात. पण कितीही वाढले तरी ते आकडेच. अनंत होत नाहीत."

"बरं. अनंतातून अनंत वजा केलं तर?"

"मग उत्तर म्हणून जे येतं ते संख्याच नसतं. आणि गंमत म्हणजे ते स्वतःशीही जुळत नाही. तू तूच का, असं विचारलं तर नाही म्हणतं."

"आमच्या ट्रस्टमध्ये असे एक साहेब आहेत."

तो हसला. मग तिच्या लक्षात काहीतरी आलं आणि तिने चहाचा कप खाली ठेवला.

"पण आता अनंत खरं झालं... म्हणजे आंबोरदे आता मोबाईलवर येणारच नाही?"

"रस्ता नाही तोवर, नाही."

"आणि द्रौपदाआजी? ऑपरेशनच्या आधी मला एकदा तपासायचंय त्यांना. तुझा प्रोग्रॅम चुकला म्हणून आपण तिथे गेलो, आणि बरोबर झाला म्हणून जायचं नाही, हा कुठला न्याय?"

आपण 'तुझा' म्हणून गेलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण तो साखर न घातलेला चहा ढवळत बसला. आंबोरद्याचा विषय मात्र तिथेच राहिला, आणि मृणाली त्या दिवशी जरा घुश्श्यातच जळगावला परतली.

पुढच्या आठवड्यात झुलालभाऊंनी तिला मोबाईल दाखवला. पुढचं गाव : आंबोरदे. खाली बारीक अक्षरात, 'फरशीपर्यंत गाडी, पुढे नावेने पाव तास.'

नदीवर गेल्यावर निंबाने खुलासा केला. "तो साहेब येयेल व्हता ना, दोनदा बसना नावमा. जावाले किती येळ, येवाले किती येळ, घड्याळ लायीसन. डोळा मिटेलच व्हतात." प्रोग्रॅमला नाव हा रस्ता म्हणून सांगायची होती, आणि ऐकीव वेळ भरणं त्याला पटलं नव्हतं.

मृणालीचं प्रेम जडलं ते तिथे, त्या चिखलात, हातात लेन्सची पेटी घेऊन. घड्याळ उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं, मग मिटल्या डोळ्यांनी त्याने वेळ मोजली कशी, हा प्रश्न तिला पडला नाही. अशा वेळी पडत नसतो.

द्रौपदाबाईंचं ऑपरेशन धुळ्याला झालं, नीट झालं. गाडी फिरत राहिली. प्रशील कधी नरडाण्याला उगवायचा, कधी भुसावळला. तू-तुझं आता दोन्हीकडून चालायचं. 'माझे डोळे कधी तपासणार?' असं तो विचारायचा, आणि 'तुझे नीटच दिसतायत मला' असं ती म्हणायची. म्हणायचं ते सोडून बाकी सगळं दोघं बोलत होते.

आणि मग मृणालीला कोइमतूरहून बोलावणं आलं. डोळ्यांचं मोठं रुग्णालय, दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, वर पगार. मार्गशीर्षात गाडीची फेरी संपली की लगेच निघायचं.

तिने प्रशीलला सांगितलं ते जळगावला, त्याच्या ऑफिसच्या जिन्यात. तिला तो 'जाऊ नकोस' म्हणायला नको होता. तसं म्हणाला असता तर ती भडकलीच असती. तिला फक्त त्याचा चेहरा जरा पडायला हवा होता.

"छान," प्रशील म्हणाला. "मोठी संधी आहे. नक्की जा."

चेहरा जागच्या जागी होता. इतकं बरोबर बोलणाऱ्या माणसाचं काय करावं, सांगा. मृणालीने थँक्यू म्हटलं, जिना उतरली आणि त्याच संध्याकाळी कोइमतूरला होकार कळवला. नोकरी चांगली होती, कळवायलाच हवा होता. पण त्याला आपण आवडतो की नुसतेच रस्ते आवडतात, हे न कळताच इथून जावं लागणार, या गोष्टीने तिला आतून फार दुखलं. विचारणार ती नव्हतीच. धुळ्याहून आई रोज फोनवर म्हणायची, "आवाज का उतरलाय गं?" आणि ती म्हणायची, "धूळ आहे रस्त्यांवर."

शेवटचं शिबिर आंबोरद्याला लागलं. पाणी ओसरलं होतं, फरशी वर आली होती, गाडी सुकी पलीकडे गेली. गावाने विहारामागच्या शेतात भरिताचा बेत केला होता. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी लांब वांगी भाजत होती, आणि ट्रस्टने बोलावलं म्हणून आलेला प्रशील खाली मान घालून त्यांची सालं काढत होता. सकाळपासून तो तिच्याशी चार वाक्यं बोलला होता, त्यातली दोन वांग्यांबद्दल.

तपासणी संपवून मृणाली तक्ता उतरवायला निघाली, तेव्हा झुलालभाऊ आले.

"ताई, गावं तं बठ्ठी व्हई गयी. तरी मोबाईल म्हनस एक बाकी शे. हाई कोनता तालुकामा शे?"

तिने पडद्याकडे पाहिलं.

पुढचं गाव : कोइमतूर. अंतर चौदाशे बारा किलोमीटर. भुसावळहून रेल्वेने, वाटेत एकदा गाडी बदलणे.

तिने ते दोनदा वाचलं. मग ती शेतात गेली आणि प्रशीलसमोर उभी राहिली.

"तुझे डोळे तपासायचे राहिलेत. चल."

"आत्ता? हात काळे आहेत."

"हात नाही तपासत मी."

सभागृहात कुणी नव्हतं. तिने त्याला पांढऱ्या पट्टीवर उभं केलं आणि स्वतः तक्त्याजवळ गेली.

"वाच."

"दिसत नाहीये."

"का?"

"तू मध्ये उभी आहेस."

"माहितीये मला. मोबाईलमध्ये कोइमतूर कुठून आलं?"

काळ्या बोटांनी त्याने कपाळ पुसलं आणि कपाळही काळं केलं.

"ते... तपासून बघत होतो. काढायचं राहिलं."

"काय तपासत होतास?"

"रस्ता निघतो का." तो पट्टीकडे बघत बोलत होता. "तू जिन्यात सांगितलंस, तेव्हा कोइमतूरचं अंतर अनंत होतं. छान म्हणालो, कारण जाऊ नकोस म्हणायचा मला काय हक्क? घरी गेलो तर झोप येईना... मग रस्ते भरत बसलो. आधी भुसावळ, मग पुढे एकेक स्टेशन. शेवटी आकडा आला."

"मोठा आकडा आहे."

"मोठा आहे. पण मोठ्या आकड्याला अनंत म्हणायची चूक मी एकदा केलीय, मृणाली. परत नाही करणार. आकडा आला म्हणजे तिथे जाता येतं."

आवाज तिने साधाच ठेवला. "मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"लांबून बघत राहणं सोपं होतं."

"असतंच. सहा मीटरवरून डोळ्याला आराम असतो."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत होता. "नावेत हसलीस तेव्हापासून. तू कोइमतूरला जा, शिक. मी येईन, दर सुट्टीत येईन. येऊ ना?"

मृणालीने जमिनीवरच्या पट्टीकडे बोट केलं. "ती ओलांड."

त्याने ओलांडली. एक पाऊल टाकून थांबला, तिने मान हलवली, तसा आणखी पुढे आला. मग आणखी. आता त्याच्या शर्टाला पऱ्हाटीच्या धुराचा वास येतोय हे तिला कळत होतं, आणि त्याच्या डाव्या भुवईत एक जुनी खूण आहे, जी तिला इतक्या महिन्यांत दिसली नव्हती.

"आता दिसतंय का?" तिने विचारलं.

"धूसर. फारच जवळ आलो."

"इतक्या जवळचं बघायला कष्ट पडतात डोळ्याला. सांगितलं होतं मी."

"पडू देत," प्रशील म्हणाला.

तिने ओढणीच्या टोकाने त्याच्या कपाळावरचं काळं पुसलं. ते पुरतं निघालं नाही, उलट जरा पसरलं, आणि ती त्यावर हसत असताना दारात काठीचा आवाज झाला. द्रौपदाबाई नवा चष्मा लावून उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आधी मृणालीला, मग प्रशीलला, पायापासून कपाळापर्यंत नीट न्याहाळलं.

"बरा शे, म्हनेल व्हतं ना मी," त्या म्हणाल्या. "तवय तं माले दिखत बी नव्हतं."